गुलाबी गव्हाची तिसरी गोणी

ती सकाळ मी विसरलेलो नाही, आणि अलीकडे काही मंडळी ती मला विसरूही देत नाहीत. एका प्रशिक्षणवर्गात माझा हा तपास ‘आरोपीशी खोटे बोलावे, काम होते’ या धड्याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, असे कळले. मी संबंधितांना तीन पत्रे पाठवली. एकाचेही उत्तर आले नाही. म्हणून घडले ते येथे नोंदवतो.

केडगावजवळच्या एका खासगी गोदामातून गव्हाच्या तीन गोण्या चोरीस गेल्या होत्या. ते पेरणीचे बियाणे होते. किडीसाठी विषारी औषध चोळलेले आणि ओळखू यावे म्हणून गुलाबी रंगवलेले. चार दिवसांनी सकाळी आठ वाजता एक गिरणीवाला ठाण्यात आला. गिऱ्हाइकाचे दळण चालू असताना पिठात गुलाबी झाक दिसली, तशी त्याने गिरणी बंद केली होती. दाणे धुतलेले होते, पण चिरेत राहिलेला रंग दळताना बाहेर आला होता. “मान्सं खातील साहेब, म्हनून आलो,” एवढेच तो म्हणाला.

गिऱ्हाइकाने तो गहू गोदामावरच्याच एका हमालाकडून घेतला होता. नऊपर्यंत हमाल ताब्यात आला आणि दोन गोण्या पंचांसमक्ष जप्त झाल्या. तिसरीचे नाव काढताच तो गप्प झाला.

चोरी त्याने पहिल्या पाच मिनिटांत मान्य केली होती. मला त्याचा गुन्हा नको होता, गोणी हवी होती. तो गहू कोणाच्या तरी घरात होता आणि जेवणाची वेळ जवळ येत होती. हे मी त्याला तीनदा सांगितले. तो शांतपणे म्हणाला, “तीन पान्यानं धुतलाय साहेब. उगं भ्या दावू नगा.” रंग उतरला म्हणजे औषध उतरले, यावर त्याचा पक्का विश्वास होता. आपल्यापायी दुसऱ्या कोणाला बेडी पडू नये, एवढीच त्याला काळजी दिसत होती.

माझे जमादार जुने, माणसे ओळखणारे. त्यांनी मला बाहेर बोलावले. हमालाला एक बहीण आहे, तिचे सासर कोणालाच ठाऊक नाही आणि तो तर ‘मला कोणी नाही’ म्हणतो, म्हणजे गोणी तिच्याकडेच गेली असावी, असे त्यांनी सांगितले. “याला मारून काय उपेग न्हाई साहेब. बहीण दवाखान्यात हाय म्हना, बघा कसा बोलतोय.”

मी थबकलो. उपनिरीक्षक असताना जामखेड तालुक्यात मी मोटारसायकल चोरीच्या संशयिताला सांगितले होते की तुझ्या भावाने तुझे नाव घेतले. भावाने ते घेतले नव्हते आणि संशयित निर्दोष निघाला. त्या दोघा भावांनी पुढे वाटण्या केल्या. आजही ते एकमेकांच्या दारात जात नाहीत. तेथे मी कबुली मिळवण्यासाठी खोटे बोललो होतो. मोटारसायकल एक दिवस उशिरा सापडली असती तर कोणी मरणार नव्हते. येथे चोरी कबूल होती, खरे सांगून पाहिले होते आणि घड्याळात दहा वाजले होते.

मी आत गेलो. “तुझ्या बहिणीला सिव्हिलला आणलंय. उलट्या थांबत नाहीत.”

त्याने माझे पाय धरले. “आज बारसं हाय तिच्याकडं. समदी भावकी जेवायला हाय, साहेब.” मग राहुरीकडच्या गावाचे नाव त्याने दोनदा सांगितले.

मी तिकडच्या ठाण्याला फोन केला. त्यांची गाडी पोचली तेव्हा कणीक मळून झाली होती, कढईखाली जाळ पेटला होता. पहिली पुरी सोडायची राहिली होती.

आता धडा देणाऱ्यांनी गाळलेला भाग. मी बोललेले वाक्य, वेळेसह, तासाभरात स्टेशन डायरीत लिहिले. वरिष्ठ संतापले, लिहायची काय गरज होती, असे त्यांनी विचारले. बचावाच्या वकिलांनी ते न्यायालयात मोठ्याने वाचले आणि मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ‘होय, खोटे बोललो’ असे उत्तर दिले. जे डायरीत लिहिण्याची लाज वाटते, ते आरोपीपुढे बोलण्याचा अधिकार कोणत्याही गणवेशाला नाही. आणि माझ्या त्या वाक्याचा आधार घेऊन मोबाईलचोराला फसवणाऱ्याने आधी दाखवावे की त्याच्या प्रकरणात कोणाची कढई पेटली होती.

त्या दिवशी साडेअकराला गोणी सापडल्याचा फोन आला. मी स्वतः हमालाकडे जाऊन सांगितले की बहीण ठणठणीत आहे, मी खोटे बोललो. तो रागावेल असे वाटले होते.

“बरं झालं बोलला. लोकं वाचली,” तो म्हणाला. “पर त्या दीड घंट्यात मी बहिनीची तिरडी बांधली हुती, साहेब.”

प्रशिक्षणवर्गात माझे वाक्य सांगणार असाल, तर त्याचेही सांगा. चौथ्या पत्रात मी एवढेच लिहिले आहे.