मिस्टर अहो

जेलरोडच्या त्या गल्लीत वत्सलाबाईंना रोज सकाळी एक हाक ऐकू यायची आणि तोंडातला चहा कडू व्हायचा. हाक वरच्या मजल्यावरून यायची, बाईच्या आवाजात, गोड हेल काढून: “अहोऽऽ!” आणि ती असायची वत्सलाबाईंच्या नवऱ्याला.

आता नीट ऐका, नाहीतर भलतंच समजाल. वर भाडेकरू होते. ब्राझीलचं म्हातारं जोडपं, नेल्सन आणि दल्वा. मुलं-नातवंडं तिकडे सोडून दोघं आपल्या चर्चच्या सेवेसाठी नाशकात येऊन राहिलेली. सकाळी दोघं मिळून प्रार्थना म्हणायची, मग छातीवर नावाची पट्टी लावून एकाच छत्रीखाली बाहेर पडायची. त्यांच्या मंडळींपैकी कुणी आजारी असेल तर उशाशी बसून यायची, पोरांना गाणी शिकवायची. दुपारी घरी आली की भाजी दोघांनी निवडायची, नेल्सनने भांडी घासायची, दल्वाने पुसायची, आणि काय तो हसण्याचा आवाज! वत्सलाबाईंना खाली अंगणात सगळं ऐकू यायचं आणि पोटात जळायचं. त्यांच्या घरात पुरुषाने स्वतःचं ताट उचललं असतं तर गल्लीत बातमी झाली असती.

पण ते एक वेळ सोडून देऊ. खरी आग होती त्या हाकेची.

झालं होतं असं, की दल्वा मराठी शिकली ती कानाने. वत्सलाबाई दिवसभर नवऱ्याच्या नावाने खालून ओरडायच्या. अहो, पाणी आलं. अहो, गॅस संपला. अहो, कुठे उलथलात? दल्वाने ऐकून ऐकून ठरवलं, या गृहस्थांचं नावच अहो. आधी ती ‘मिस्टर अहो’ म्हणायची, तोवर ठीक होतं. पुढे ओळख वाढली आणि मिस्टर गळून पडलं.

आणि हे गृहस्थ! त्यांचं खरं नाव आत्ताच सांगत नाही. बायकोने कधी घेतलं नाही, आपण कशाला आगाऊपणा करायचा? मुलाच्या नावावरून सुनीलचे बाबा म्हणू. तर सुनीलचे बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, तिथल्या घरघरीने कान गेले असं सांगणारे. बायकोने हाका मारून घसा फोडला तरी हातातला पेपर हलायचा नाही. पण वरून ‘अहोऽऽ’ आलं रे आलं, की “ओ! आलो, आलो!” करत गुडघे विसरून जिना चढायचे. नळाला वायसर बसवून दे, पंखा पुसून दे, द्राक्षांचा घड नेऊन दे. परवा तर मिशीला काळं फासून आले.

“कान गेलेत ना तुमचे?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“अगं, तिचा आवाज बारीक हाय. बारीक आवाज बरोबर आत शिरतो.”

“आणि माझा काय ट्रॅक्टर हाय का?”

ते पेपरात शिरले.

सून पल्लवी हसून हसून बेजार. “आई, सांगून टाका ना तिला, ते नाव नाही म्हणून.”

“मी कशाला सांगू? यांच्या तोंडात काय मूग भरलेत?”

कारण नवऱ्याला त्यांनी आधीच बजावलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, “राहू दे गं, परकं माणूस. तिला काय कळतंय?” म्हणजे ह्यांना ते आवडत होतं! हेच तर झोंबलं. स्वतःच्या नवऱ्याला ती खुशाल ‘नेल्सन, नेल्सन’ करते आणि माझ्या नवऱ्याला अहो? वत्सलाबाईंचं स्वतःचं असं होतं काय? घर नवऱ्याच्या नावावर, सुनील अंबडच्या कंपनीतून आला की बायकोच्या मागे मागे. एवढा एक शब्द होता, लग्नात मिळालेला, कुणाशी वाटून न घेतलेला. तोही आता जिन्यावरून खाली-वर करत होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांच्याकडे होतं. घर बायकांनी भरलं. दल्वाही खाली आली, आणि अंगावर काय, तर वत्सलाबाईंची काळी साडी! पल्लवीने न विचारता नेसवलेली. दिसत होती मेली छान. कुंकवाला तिने हात जोडून नको म्हटलं, तिळाचा लाडू मात्र घेतला आणि सरळ दारात गेली. बाहेर ओट्यावर नेल्सन आणि सुनीलचे बाबा बसले होते.

“अहोऽऽ! तिळगूळ!”

“ओ!” ते इतक्या झटक्यात उठले की खुर्ची मागे पडली.

घरात फस्सकन हशा पिकला. शेजारच्या नवसाबाईने तोंडाला पदर लावला. “काय गं वत्सला, सवत आणली आन् आम्हाला सांगितलं पण नाय?”

झालं. वत्सलाबाईंनी करंडा आदळला. “ए बाई! ते त्यांचं नाव नाही! अहो फक्त मी म्हणायचं. बायकोने! तू नाही!”

दल्वाचा चेहरा पडला. “सॉरी, ताई. नाव अहो नाही? मग… नाव काय?”

“हां, आता घे उखाणा!” नवसाबाई खुलली.

पण उखाण्यातलं नाव वेगळं. ते आजूबाजूच्या शब्दांनी झाकलेलं असतं. नुसतं, उघडं नाव वत्सलाबाईंच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. पण नाव सांगितलं नाही तर ही उद्या सकाळी पुन्हा तेच म्हणणार.

“पुंजा,” वत्सलाबाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. दारात, लाडू हातात धरून, कान गेलेला माणूस हळूच म्हणाला, “ओ.”

पुंजा म्हणून हाक मारणारी त्यांची आई जाऊन जमाना लोटला होता. ते बायकोकडे बघत राहिले, आणि वत्सलाबाई लाजून स्वयंपाकघरात पळाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून पुन्हा आलंच: “अहोऽऽ!”

वत्सलाबाईंच्या हातातली गाळणी पडली. एवढं सांगूनसुद्धा? इतक्यात वरून पुढची हाक आली. “अहो! नेल्सन! अहो!”

अस्सं! आदल्या संध्याकाळी पल्लवीने दल्वाला नीट समजावलं होतं. बायकोने नवऱ्याला म्हणायचं ना, मग ती आपल्या नवऱ्याला म्हणत होती. आणि तिकडून उत्तर येईल तर शपथ. नेल्सन नळ सोडून भांडी घासत होता, आपलं नाव बदललंय हे त्याच्या गावीही नव्हतं. दल्वाचा आवाज चढत गेला, हेल पार गेला, शेवटी अगदी वत्सलाबाईंसारखी खेकसली. तिचा इतका कळवळा वत्सलाबाईंना कधी आला नव्हता.

त्या जिन्यापाशी गेल्या. “अजून जोरात मार गं! पहिल्या हाकेला ऐकतच नाहीत हे!”

मागे वळून बघतात तर मिशीवरून हात फिरवत पुंजाबाबा जिन्याकडेच निघालेले. “त्याला ऐकू येत नाही वाटतं. मी बघून येतो तिला काय हवंय.”

“पुंजा!”

ते मुकाट्याने जाऊन खुर्चीत बसले. जन्मात पहिल्यांदा, पहिल्या हाकेला.