सिस्टर पिलारच्या दगडावरचा शब्द

मरोळच्या गावठाणात थडग्यांचे दगड हाताने कोरणारा व्हिक्टर हा शेवटचा. वय एकाहत्तर. काळ्या दगडात एक अक्षर कोरायला पूर्वी अर्धा तास लागे, आता दीड लागतो. हात थरथरतो, म्हणून दर चार ठोक्यांनी थांबतो.

सिस्टर पिलार इथल्या दवाखान्यात चाळीस वर्षं होती. ती गेली तेव्हा तिच्या स्पेनमधल्या बहिणीने कळवलं: नावाखाली ती कशी होती ते सांगणारा एक शब्द आमच्या भाषेत असू द्या. चर्चच्या कमिटीने इंग्रजी शब्द ठरवला, ‘वाइज’. स्पॅनिश शब्द व्हिक्टरने शोधायचा. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, बहीण स्वतः येणार होती.

मुलगा ब्रेंडनने फोनमध्ये बघितलं. “साबिया. रोमन पाच अक्षरं. सुटलास, पप्पा.”

व्हिक्टरने ती पेन्सिलने आखली. पण जाणकाराने वाचल्याशिवाय छिन्नी लावायची नाही, हा त्याचा नियम. एकदा घाईत त्याने स्वतःच्या आईच्या दगडावर चुकीचं साल कोरलं होतं. ते अजून तसंच आहे.

शेजारची श्वेता साकीनाक्याच्या ऑफिसात फोनवर स्पॅनिश बोलते. ती दगडापाशी उकिडवी बसली.

“चूक नाही, अंकल. पण साबिया म्हणजे जिला पुष्कळ ठाऊक आहे ती. दुसरा शब्द आहे प्रुदेन्ते. विचार करून पाऊल टाकणारी. इंग्रजीत ‘वाइज’ या एकातच दोन्ही बसतं. सिस्टर कशा होत्या?”

व्हिक्टरने डावा अंगठा पुढे केला. वाकडा, बिननखाचा.

“दगड पडला होता. सगळे म्हणाले, कापा. ती म्हणाली, मला खात्री नाही, दोन दिवस थांबू. दर तासाला पट्टी सोडून बघायची. वाचला. यानेच छिन्नी धरतो गं.”

“मग प्रुदेन्ते.”

“अक्षरं किती?”

“आठ.”

ब्रेंडन दारातून ओरडला, “साबिया पण बरोबर आहे ना? नायतर मशीनवर कोरायला दे. कोणाला कळणार आहे?”

“तिच्या बहिणीला.”

व्हिक्टरने ओल्या फडक्याने पाच अक्षरं पुसली, आठ आखली. श्वेताने एकेक तपासलं. रोज एक, तरी नऊ दिवस लागले. एक दिवस हात ऐकेना, तेव्हा त्याने छिन्नी उचललीच नाही.

दोन नोव्हेंबरला म्हाताऱ्या बहिणीने मेणबत्त्या बाजूला सारल्या. आठही अक्षरांतून बोट फिरवलं. मग श्वेताला काहीतरी विचारलं.

“शब्द कोणी निवडला, विचारतायत.”

व्हिक्टरने अंगठा दाखवला. श्वेता सांगत राहिली. बहिणीने तो अंगठा दोन्ही हातांत धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.