उंदरांच्या पायांची सूज

स्नेहलता मोघे झाशीतल्या एका खासगी फार्मसी कॉलेजच्या प्राणिगृहात अठरा वर्षं नोकरीला होत्या. पांढऱ्या उंदरांचे पिंजरे साफ करायचे, भुसा पसरायचा, वजनं लिहायची आणि उंदीर न घाबरवता कसा धरायचा ते विद्यार्थ्यांना शिकवायचं, हे त्यांचं काम. संधिवातावरचं औषध तपासायचं तर आधी उंदराच्या मागच्या पायात दाहक द्रव टोचून संधिवात आणायचा. मग निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसतं पाणी देऊन चार आठवडे सूज मोजायची. घोट्यावर शाईची खूण करायची, त्या खुणेपर्यंत पाय पाण्याच्या नळीत बुडवायचा आणि पाणी किती चढलं ते वाचायचं.

प्रेम नगरला घरी त्यांची थोरली बहीण होती, लीलाताई. तिची बोटं संधिवाताने वाकली होती. कणीक मळणं सुटलं होतं, रोज सकाळी ब्लाउजचे हूक स्नेहलताबाई लावून देत.

"तुझे उंदीर दर वर्षी बरे होतात," लीलाताई म्हणायची. "माझा नंबर कधी गं?"

पहिल्यांदा ती चेष्टा होती. पुढे तिच्या आवाजातलं हसू गेलं. स्नेहलताबाईंच्या डोळ्यांदेखत अकरा प्रबंध बांधून झाले होते, प्रत्येकात औषध लागू पडलं होतं, आणि त्यातलं एकही दवाखान्यापर्यंत पोचलं नव्हतं.

त्या वर्षी ऋषिकेश आला. बबीनाच्या छावणीतल्या सुभेदाराचा मुलगा, एम.फार्म.ला. मराठी अडखळत बोलायचा, पण बाईंना 'मावशी' म्हणायचा. प्रयोग सुरू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात उंदरांची वजनं उतरली. ऋषिकेशने वहीत रोगाचं लक्षण म्हणून लिहिलं.

"लक्षण कसलं?" बाई म्हणाल्या. "खाणं वर जाळीत आहे. सुजल्या पायांवर उभे कसे राहणार ते? उपाशी आहेत. खाली भिजवून ठेवूया."

त्याने गाईड शरदचंद्र सरांना विचारलं. सर म्हणाले, प्रयोगाच्या मंजूर आराखड्यात तसं लिहिलेलं नाही, काही बदलायचं नाही.

बाई आता सगळंच निरखून पाहू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांना दिसलं की नुसतं पाणी दिलेल्या उंदरांचा पाय ऋषिकेश शाईच्या खुणेच्या किंचित वरपर्यंत बुडवतो, औषधवाल्यांचा किंचित खालपर्यंतच. केसभर फरक, पण सूज मोजायची तर तेवढा पुरतो.

"तू मुद्दाम करतोस?"

"नाही मावशी, कसम से!" तो लालबुंद झाला. खोटं बोलत नव्हता. त्याला माहीत होतं कुठला उंदीर बरा व्हायला हवा, आणि त्याचा हात तसा चालत होता.

"मग आज परत मोज. मी देईन तो उंदीर घ्यायचा. कुठल्या पिंजऱ्यातला ते विचारायचं नाही."

त्यांनी क्रम उलटसुलट केला, शेपटीवरची गटाच्या रंगाची खूण मुठीत झाकली आणि एकेक उंदीर पुढे केला. ऋषिकेश आकडा सांगे, त्या लिहून घेत. दुपारी दोघांनी सरासरी काढली. औषध घेतलेले आणि न घेतलेले यांत फरक जवळजवळ उरलाच नव्हता.

ऋषिकेश स्टुलावर बसून राहिला. बाईंना अकरा प्रबंध आठवले आणि हातातली वही भिरकावून द्यावीशी वाटली.

शरदचंद्र सरांनी दोन्ही मोजण्यांचे कागद पाहिले. "स्नेहलता जी, यह किसने कहा था आपसे करने को?"

"कोणी नाही, सर. पण एकदा बघा तरी."

"थीसिस में पहली वाली रीडिंग जाएगी," ते ऋषिकेशला म्हणाले. दुसरा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

बाईंनी प्राण्यांच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीकडे अर्ज केला. दोन मागण्या होत्या: पाय सुजलेल्या उंदरांचं खाणं खाली ठेवावं, आणि मोजणाऱ्याला औषध कुणाला दिलंय ते कळू देऊ नये. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीपुढे शेरा पडला, 'विचाराधीन'. महिन्याभरात बाईंची बदली काचसामानाच्या स्टोअरमध्ये झाली.

ऋषिकेश पास झाला. पेढे घेऊन स्टोअरच्या दारात आला.

"मावशी, घरी बाबा वाट बघत होते. मी काय करणार होतो?"

"दोन्ही आकडे लिहायचे होते," त्या म्हणाल्या. पेढा त्यांनी घेतला नाही. तो गेल्यावर मात्र त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचाही राग आला.

घरी त्यांनी लीलाताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ते उंदीरसुद्धा बरे झाले नव्हते?"

"नाही."

"आणि मी अठरा वर्षं तुला टोमणे मारले."

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी स्नेहलताबाई ऑफिसात जाऊन दुसऱ्या मागणीचं विचारतात. बाबू मान वर न करता सांगतो, "फाइल चल रही है, दीदी." कुठे चालली आहे ते त्यालाही ठाऊक नाही. परवा त्यांनी नवा अर्ज लिहून दिला, सातवा, आणि या वेळी पोच मिळेपर्यंत टेबलासमोरून हलल्या नाहीत.