सपाट जिभेचे आईबाप

शाळा बंद होत्या त्या वर्षी मी नववीला आनुवंशिकता शिकवली, तीही माझ्या स्वयंपाकघरातून. चिखलोलीच्या आमच्या नव्या इमारतीत मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त ओट्याजवळच्या खिडकीत. मग फोन तूरडाळीच्या डब्याला टेकवायचा आणि फ्रिजचं पांढरं दार हाच फळा. कुकरची शिट्टी झाली की मुलं लगेच लिहून पाठवायची, "मॅडम, दुसरी झाली." वीस वर्षं कडक बाई म्हणून मिळवलेलं नाव त्या कुकरनं महिनाभरात घालवलं.

शाळा अंबरनाथला, मुलं उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत पसरलेली. पडद्यावर चाळीसेक चौकोन दिसायचे आणि त्यातले बहुतेक काळे. कॅमेरा बंद ठेवून पोरं काय करतात हे मला पुरतं ठाऊक होतं, कारण मुख्याध्यापकांच्या ऑनलाइन मीटिंगला मीही कॅमेरा बंद करून मेथी निवडत असे.

पण पोरांना उजेडात आणायला माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. काही जणांना जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून तिची नळी करता येते, काहींची जीभ काही केल्या सपाटच राहते. नळीचं जनुक प्रभावी, सपाट जिभेचं अप्रभावी. म्हणजे आई आणि वडील दोघेही सपाट असतील तर मुलाला नळी येणं शक्यच नाही. फ्रिजच्या दारावर चार घरांचा चौकोन आखून मी हे ठासून सिद्ध केलं आणि म्हटलं, "आता सगळ्यांनी कॅमेरा चालू करा आणि मला जीभ दाखवा."

माझी कुठलीही आज्ञा आजवर इतक्या आनंदानं पाळली गेली नव्हती. पडदाभर जिभा बाहेर आल्या. मी खुशीत येऊन गृहपाठ दिला, घरातल्या सगळ्यांच्या जिभा तपासा आणि गुरुवारपर्यंत तक्ता पाठवा.

इथं मी माती खाल्ली. शाळेत हाच गृहपाठ मुलं मधल्या सुट्टीत मनानं भरून टाकायची, गावच्या काकाची जीभ खुशाल ठोकून द्यायची. आता अख्खं घर चोवीस तास हाताशी बसलेलं आणि कुणालाच काही काम नाही. त्या आठवड्यात घरोघरी जिभा अगदी इमानेइतबारे तपासल्या गेल्या. एका आजोबांचा तर कवळी काढून जीभ दाखवतानाचा फोटो आला.

आला नाही तो फक्त एकीचा तक्ता, आणि ती वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. राहायची उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. वडील जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर, तेव्हा घरीच बसलेले. एरवी तिचा कॅमेरा कधी बंद नसायचा, पण सोमवारनंतर तिचा चौकोन काळा तो काळाच. गुरुवारी दुपारी तिच्या आईचा फोन आला.

"मॅडम, काय शिकवलंत तुम्ही पोरीला? तीन दिवस झाले, धड जेवत नाय. सारखी आमच्या जिभा बघत बसते."

भानगड अशी होती की मुलीला नळी येत होती आणि आई-वडील दोघेही सपाट. तिनं तीन तीनदा तपासून पाहिलं होतं. त्यात वडिलांची जुनी मस्करी. आपल्याकडे घरटी एका तरी पोराला सांगतात, तुला बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलं. यांच्या घरी सांगायचे, "तुला तीन नंबरच्या मार्केटातून आणलं. दोन जीन्सवर एक पोरगी फ्री." इतकी वर्षं ती त्यावर हसत आली होती. आता तिच्या हातात पुरावा आला होता आणि तो मी दिला होता.

"आणि मॅडम," आईनं आवाज खाली आणला, "सासूबाई तिच्याकडे नाय बघत. माझ्याकडे बघतायत."

मग मुलीनं फोन घेतला. "मॅडम, मी चौकोन काढला. चारही घरांत सपाटच येतं. माझं काही चुकलंय का?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. एरवी मी तिला पैकीच्या पैकी दिले असते. "उद्या तासाला ये, मग सांगते," एवढं म्हणून मी फोन ठेवला. सांगणार काय, ते माझं मलाच माहीत नव्हतं. मी चांगलीच घाबरले होते.

घाबरले की मला राग येतो. तो कुणावर तरी काढावा म्हणून मी बाकीचे तक्ते तपासायला घेतले आणि बदलापूरचे जुळे तावडीत सापडले. दोघे हुबेहूब एकसारखे. घरात एकच फोन, म्हणून दोघांनी एकाच चौकोनात बसायचं असं ठरलं होतं. पण मला नेहमी एकच डोकं दिसायचं. "दुसरा कुठाय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बाजूलाच आहे मॅडम, फ्रेममध्ये मावत नाय." आता यांच्या तक्त्यात एकापुढे "नळी येते" आणि दुसऱ्यापुढे "येत नाही". एकाच बीजांडातून निघालेली पोरं, जनुकं तीच, मग जिभा दोन कशा? शुद्ध थापा, असं म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला.

"दोघे समोर या."

दुसऱ्याला गच्चीवरून खाली यायला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात पहिल्यानं कबुली देऊन टाकली. "मॅडम, एक दिवस मी बसतो, एक दिवस तो. पण अभ्यास वाटून घेतो ओ, शप्पथ."

"ते नंतर बघते. आधी जिभा काढा."

एकाची सुबक नळी झाली. दुसऱ्याची पोळीसारखी सपाट. मी पुन्हा करायला लावलं, तेच. मी उजेडात जायला लावलं, तरी तेच. मग ते हसायला लागले. जनुकं सारखी असून जिभा वेगळ्या, म्हणजे ही नळी एका जनुकाच्या हातात नव्हतीच. त्या संध्याकाळी शोधलं तर कळलं, जाणकारांनी हे केव्हाच सांगून ठेवलंय, तेही असल्याच जुळ्यांकडे बघून. उदाहरण सोयीचं होतं म्हणून वीस वर्षांत मी कधी पडताळून बघायची तसदी घेतली नव्हती. भारी लाज वाटली.

जुळे अजून शिक्षेची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी एकत्र बसायचं, हीच शिक्षा दिली.

शुक्रवारी मी चाळीस मुलांसमोर आणि त्यांच्यामागे कान टवकारून बसलेल्या घरांसमोर म्हटलं, "सोमवारी मी चुकीचं शिकवलं." हे एक वाक्य म्हणायला मला दोनदा पाणी प्यावं लागलं. मग जुळ्यांच्या जिभा दाखवल्या आणि फ्रिजवरचा चौकोन ओढणीनं पुसून टाकला. हा हिशोब पुस्तकातल्या वाटाण्यांना चालतो, जिभेला नाही, आणि यावरून कुणी कुणाकडे बघायचं काम नाही, हेही मोठ्यानं सांगितलं.

कॅम्प तीनचा चौकोन उजळला. मागं पलंगावर बसलेली तिची आजी म्हणाली, "मी कुठं काय म्हटलं?" तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"पण मॅडम," मुलगी म्हणाली, "मग मी यांचीच, हे कशावरून?"

मी पडले विज्ञानाची बाई. "जिभेवरून काहीच सांगता येत नाही गं," असं खरं ते बोलून गेले. तिचा चेहरा पुन्हा उतरला आणि मला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली.

तेवढ्यात मागून तिची आई म्हणाली, "पप्पांना विचार, तीन दिवस मोरीत आरशासमोर काय करतायत ते. अहो, या ना इकडे!"

बनियनवरचे कटिंग मास्टर पडद्यावर आले. सगळा वर्ग बघतोय हे कळल्यावर आधी लाजले, मग डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली. जीभ लाल झाली होती. बोटांनी दाबून दाबून ते तिची नळी करायला शिकत होते. उजवी कड थरथरत जराशी वर आली. डावी ढिम्म.

"एक साइड येतेय मॅडम," ते म्हणाले. "दुसरी पण येईल. ती फ्रीवाली मस्करी होती ओ. मला काय माहीत, ती असं मनाला लावून घेईल."

मुलीनं त्यांची हनुवटी धरली, डॉक्टरीणबाईसारखं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, राहू दे. दुखेल." मग कॅमेरा बंद झाला.

तिचा तक्ता संध्याकाळी आला. आईपुढे लिहिलं होतं, सपाट. वडिलांपुढे लिहिलं होतं, सपाट, प्रयत्न चालू. मी पैकीच्या पैकी गुण दिले.