माणशी चाळीस

जतकडच्या मेंढपाळाच्या घरातली अंजना संख्याशास्त्र शिकली, म्हणजे नेमकं काय शिकली, हे तिच्या आईला कधी उमगलं नाही. "आमी मेंढरं मोजतो, तू माणसं मोज," एवढंच सुलाबाई म्हणाली. बहात्तरचा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा पोरीला साताऱ्याच्या एका कचेरीत नोकरी लागली. काम घरखर्चाच्या पाहणीचं. गावोगाव जायचं, चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची आणि चुलीपाशी बसून विचारायचं, महिन्यात धान्य किती लागलं, तेलमीठ किती लागलं. घरचं धान्य असलं तरी त्याची बाजारभावानं किंमत लावायची.

माणशी महिना चाळीस रुपये खाण्यावर जातात, असं कचेरी धरून चालली होती. ते खरं का, हे तपासायचं होतं. एकटंदुकटं घर कसंही वागतं. कुणी उधळतं, कुणी पोटाला चिमटा घेतं. पण पंचवीस घरांची सरासरी तेवढी भरकटत नाही. कितीदाही पंचवीस घरं उचला, त्या सरासऱ्या खऱ्या आकड्याभोवतीच घोटाळतात, फार तर दोनेक रुपये इकडेतिकडे. लोणंदला तसंच झालं, पाटणलाही झालं.

पाटणच्या वरच्या अंगाला निगुडमाची नावाचं गाव होतं. तिथं सरासरी आली अठ्ठेचाळीस.

"चाळीस खरे असतील, तर निव्वळ योगायोगानं एवढा फरक पडणं जवळपास अशक्य," तिचे साहेब भाऊसो म्हणाले. "दुसरी घरं घेऊन बघा."

अंजना परत गेली. आधीची घरं वगळून नव्या चिठ्ठ्या काढल्या. पुन्हा तेच. आणि गाव तर असं, की पोरांच्या बरगड्या दिसत होत्या. खाल्लेलं अंगाला लागत नव्हतं. तालेवार घर असो की भूमिहीन, घरामागं वरचा खर्च सगळीकडे सारखाच होता. जिच्याकडे ती उतरली होती ती राहीबाई तर एकटी राहायची, आणि नाचणी मात्र दोघांची दळायची.

ऊन कलताना राहीबाईच्या ओसरीवर बसून अंजनानं सहज एक गोष्ट करून पाहिली. प्रत्येक घरात एक माणूस वाढवला आणि पुन्हा भागलं. चाळीस रुपये, वर काही पैसे. दुसरी पंचवीस घरं घेतली, तर चाळिसाला थोडे कमी. आकडा खरा होता. माणसंच कमी मोजली होती.

"आजी," ती म्हणाली, "तुमच्याकडं दुसरं कोण जेवतं?"

राहीबाईनं सूप खाली ठेवलं.

"दुष्काळात तुमच्याकडची मेंढकं आलती," ती म्हणाली. "गावाभाईर उतरली. बायका-पोरं दारोदार भाकर मागत हिंडली. आमचीच कणगी रिकामी हुती. समद्यांनी दारं लावली, मीबी लावली. मग ती वर डोंगरात गेली. काय दिसांनी सकाळी उठतोय तर हरेक दारात एक मेंढरू उभं. वरडत न्हाई, हालत न्हाई. माणसं कुटं न्हाईत. गडी वर जाऊन हुडकून आलं, चूल न्हाई, चिंधी न्हाई. तवापासनं संध्याकाळी दारात कुनीतरी येतंय. आमी ताट ठेवतो."

दिवेलागण झाली. राहीबाईनं नाचणीची भाकर, कालवण आणि तांब्याभर पाणी उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि दार लोटून घेतलं. गावभर एकामागून एक कड्या लागल्याचं ऐकू आलं. कुत्री गप्प झाली. ओल्या लोकरीचा वास फटीतून आत आला. तो वास अंजनाच्या ओळखीचा होता, घरचाच. मग भाकर मोडल्याचा आवाज. कुणीतरी सावकाश, मन लावून जेवत होतं. शेवटी तांब्या खाली टेकला आणि एक घोगरा आवाज म्हणाला, "साकू."

"रोज त्येवडंच म्हणतंय," राहीबाई कुजबुजली. "काय म्हणतंय कुनालाच कळत न्हाई."

अंजनाला कळलं होतं. जतकडं कानडी शब्द सगळ्यांच्याच तोंडी. तिचे चुलते ताटावरून उठताना हेच म्हणायचे.

"पुरे म्हणतंय, आजी."

"पुरे?" म्हातारी दाराकडं बघत राहिली. "प्वॉट भरलं म्हणून पुरे, का आता ह्ये थांबवा म्हणून पुरे?"

सकाळी राहीबाई जात्यावर बसली, तेव्हाही दळण दोघांचंच होतं.

साताऱ्याला येऊन अंजनानं जेवणाऱ्यांच्या रकान्यात प्रत्येक घरामागं एक वाढवला. भाऊसोंनी विचारलं, "हे कोण? गडी?"

"बाहेरनं येतात. जेवतो तो मोजायचा, असाच नियम आहे ना साहेब?"

त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि आणखी काही न विचारता सही केली. चाळिसाचा आकडा टिकला.

पुढं तिची बदली सांगलीला झाली. निगुडमाचीला दुसरा माणूस जाऊ लागला. त्यानं भाऊसोंना कळवलं, की गाव विचित्र आहे. न विचारताच प्रत्येक घर दिसतात त्याहून एक माणूस जास्त सांगतं. नाव विचारलं तर बायका दाराकडं बघतात आणि म्हणतात, तुमीच विचारा, येईल आता.