स्वच्छ केलेली कविता

माझ्या यजमानांना स्वच्छतेचा रोगच आहे. घराच्या नव्हे, आवाजाच्या. गोपीनाथराव सांगलीहून चंदीगडला आले त्याला तीस वर्षं झाली. सेक्टर २२ मधल्या दुकानात ते शबद-कीर्तनाच्या जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवतात. गाणारा खोकला, पंखा घरघरला, मागे कुणी ग्लास पाडला की ते उडवायचं. गुरुद्वाऱ्यातली मंडळी खूश असतात. त्यामुळे ह्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय की जे गाणं नाही तो कचरा.

गेल्या महिन्यात नाशिकची अक्षरा आली. ती इथल्या विद्यापीठात पीएचडी करते. पन्नास वर्षांपूर्वी एक अमेरिकन कवी चंदीगडला आला होता, त्याच्या आवाजातली टेप तिला मिळाली होती. जगात दुसरी प्रत नाही, आणि टेप इतकी जीर्ण की चालली तर एकदाच चालेल.

"काका, काहीही काढू नका हं. माझा अख्खा प्रबंध यावर आहे."

"काळजी नको, बाळ."

असं म्हणणाऱ्या माणसाचीच काळजी करावी लागते, हे मला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं होतं.

चाळीस मिनिटांची टेप अकरा मिनिटांची झाली! टेप उतरवतानाच सफाई चालू ठेवायची ह्यांची जुनी सवय. मूळ टेपेची मशीनवर तपकिरी भुकटी झाली. मी डबा घेऊन पोचले तेव्हा अक्षरा हेडफोन लावून बसली होती.

"काका, श्वास कुठे गेले? ती खुर्चीची करकर? ते थांबणं?"

"अगं, फार धापा टाकत होता. सगळं नीट करून दिलं."

"तीच तर कविता होती, काका!"

ती रडत निघून गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्या वाटचं मी बोलले.

"अहो, पोरीनं बजावून सांगितलं होतं ना? कान काय गहाण ठेवले होते?"

"श्वासाला कुणी कविता म्हणतं का?" हे माझ्यावरच चिडले. मी डबा आपटला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी गेले तर हे एकटेच सासूबाईंचं रेकॉर्डिंग ऐकत होते. पडद्यावर नाव दिसलं; ते मी पूर्वी ऐकलेलं. सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या वर्षी मेतकुटाची कृती सांगताहेत. तेही ह्यांनीच साफ केलेलं. त्यात त्यांचं दम खाणं नाही, बांगड्या नाहीत, "काय बरं म्हणत होते मी" नाही. डाळ, गहू, हळद, सगळं बातम्यांसारखं भराभर.

भांडायला म्हणून मी तोंड उघडलं. ह्यांनी हेडफोन माझ्यापुढे केला.

"सुमित्रा, ऐक जरा. यात आई कुठे आहे गं?"