सुभेदारांच्या भाकरीचा सत्कार

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे मला थांबायला नको. चूक माझीच आहे. पण लाज वाटते का विचाराल तर नाही वाटत, आणि का वाटत नाही ते शेवटपर्यंत ऐकलंत की कळेल. चहा घ्या, निवतोय.

तर माझा विक्रम. एकुलता एक. तिशी ओलांडली. ऊस आहे, विहिरीला पाणी आहे, दोन म्हशी आहेत, ट्रॅक्टर आहे, पोराला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. नाही ते एकच, बायको. आमच्या कडेगावच्या बाजूला कुठल्याही घरी विचारा, पोरगा शेती करतो म्हटलं की पोरीवाले हातातला कप खाली ठेवतात. तोच पोरगा पुण्यात कुणाच्या तरी गॅलरीत झोपत असू दे, पण महिन्याला पगार घेऊ दे, की कप पुन्हा उचलतात.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. स्थळ कागदावर पसंत पडलं की पोरीवाले उघड येण्याआधी गुपचूप एक माणूस धाडतात. तो काय 'मी पोरीचा मामा' असं सांगून येत नाही. कुणी म्हैस बघायला येतो, कुणी वाट चुकून पाणी मागतो. तेवढ्यात घर, गोठा, संडास, सासूचं तोंड, सगळं बघून जातो. मागल्या खेपेला असाच एक जण म्हशीचं गिऱ्हाईक म्हणून आला. म्हशीकडं बघायचं सोडून माझ्या स्वयंपाकघरात डोकवायला लागला. मी शेणाच्या हातानं त्याला फाटकापर्यंत हाकलला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, सासू मारकी आहे. म्हशी राहिल्या बाजूला, मारकी मी ठरले!

म्हणून या वेळेला मी सावध होते. माझी नणंद सुलोचना आष्ट्याला दिलेली. तिनं तिथलंच एक स्थळ आणलं. पोरगी ऋतुजा, विद्यापीठात एम.ए. करते, समाजशास्त्रात. एवढी शिकलेली पोरगी शेतकऱ्याचा कागद हातात धरते म्हणजे आमच्यासाठी लॉटरीच. सुलोचनानं फोनवर बजावलं, "वैनी, त्यांचं माणूस येऊन बघून जाईल. कोण, कवा, ते मला बी ठावं न्हाई. तोंड तेवढं सांभाळा."

आणि चारच दिवसांनी दारात एक पोरगी उभी. पाठीवर बॅग, गळ्यात फोटोचं ओळखपत्र, नाव म्हणाली सायली. विद्यापीठातनं आलेय, समाजशास्त्र विभागातनं, पीएचडी करतेय, उसाच्या घरांत बायका कुठली कामं करतात आणि पुरुष कुठली, त्याचा अभ्यास आहे.

तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? तेच विद्यापीठ, तेच खातं. मैत्रिणीला धाडलंय, आणखी काय? मी मनात म्हटलं, म्हशीच्या गिऱ्हाइकापेक्षा हे लोक पुढारलेले दिसतात, ओळखपत्रसुद्धा छापून घेतलंय.

आणि तिचे प्रश्न तर ऐका. सकाळी आधी कोण उठतं? भाकरी कोण करतं? शेण कोण काढतं? आजारी पडलात तर स्वयंपाक कोण बघतं? सून आली तर तिच्या वाट्याला काय येईल? आता हे प्रश्न पोरीवाल्यांशिवाय जगात कुणाला पडलेत? मला माहेर सोडून इतकी वर्षं झाली, एकानं कधी विचारलं नाही, की कमल, शेण कोण काढतं.

मी पदर नीट केला आणि सुटले. म्हटलं, आमच्या घरात बायकांना कामच नसतं. भाकरी आमचे हे करतात. फौजेतनं सुभेदार होऊन आलेत ना, शिस्तीचे आहेत. भांडी विक्रम घासतो, शेण तोच काढतो, धुणं दोघं मिळून. मी आपली खाटेवर बसून असते. सून आली की माझ्या शेजारी बसेल.

सायलीचं पेन थांबलं. "मावशी, खरंच?"

"मग काय खोटं सांगतीया व्हय? आमच्यात पयल्यापास्नं आसंच हाय."

ती पोरगी हरखलीच. म्हणाली, मी इतकी गावं फिरले, असं घर कुठं बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात येऊन राहू का? नुसतं बघत बसेन, कुणाच्या कामात येणार नाही.

मी म्हटलं, ये की. आत जाऊन देवापुढं साखर ठेवली. घरात राहून बघणार म्हणजे गोष्ट पक्कीच म्हणायची.

आता राहिले आमचे हे. आठ दिवसांत सुभेदाराला भाकरी शिकवायची. मी पीठ काढून परात त्यांच्यापुढं सरकवली, तर म्हणतात, "मी बर्फात बंदूक धरून हुभा ऱ्हायलेला माणूस. मी भाकरी थापू?"

"फौजेत लंगरात पोळ्या लाटल्या, ते तुमीच सांगता की."

"ती शिक्षा हुती."

"मग ही बी शिक्षाच समजा. पोराचं लगीन व्हायचं हाय का न्हाई?"

बसले. पहिली भाकरी तव्यावर जायच्या आधीच हातात फाटली. दुसरीला एका बाजूला कड आणि दुसऱ्या बाजूला भोक. विक्रम भांडी घासायचा तर साबण तसाच ठेवायचा, आमटीला फेस यायला लागला. फसलेल्या भाकऱ्या म्हशींना घालत होते. शेवटी शेवटी म्हशीसुद्धा मान फिरवायला लागल्या. पण फौजी माणूस, एकदा हुकूम झाला की मागं हटत नाही. सायली आली त्या दिवशी ह्यांची भाकरी टम्म फुगली. मिशीला पीठ लागलेलं, तसेच वळून माझ्याकडं बघितलं. मी खाटेवरनं मान हलवली, जसं काय रोजचंच आहे.

ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. बसून बसून पायाला मुंग्या यायच्या. विक्रम झाडताना कोपरे सोडून द्यायचा, मला दिसायचं, पण उठायची सोय नव्हती. सायली समोर बसून लिहायची, फोटो काढायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आणखी एक बाई दारात आली, पन्नाशीची, चांगल्या घरातली. म्हशीचं दूध मिळेल का म्हणाली. एरवी मी तिची चारदा चौकशी केली असती. पण बघणारं माणूस तर घरात बसलेलं, मग हिला कशाला विचारायचं? मी खाटेवरनंच ओरडले, "आवं, ह्यास्नी दूध घाला." हे पिठाच्या हातानं बाहेर आले. ऊन कडक होतं म्हणून विक्रमनं तिला गरम भाकरी आणि ठेचा दिला. बाई खाऊन गेली. मी काही ढुंकून बघितलं नाही.

महिन्याभरानं सायलीचा फोन. विभागात कार्यक्रम आहे, सगळ्या घरानं यायचं, विभागातले सगळे तुम्हाला भेटायला उत्सुक आहेत, आमच्या मॅडम तर विचारूच नका.

सगळ्या घरानं या म्हणजे काय? मी पेढे घेतले. पोरीच्या आईसाठी खण-नारळ घेतला. विक्रमला नवा सदरा, ह्यांना कडक इस्त्री. एस.टी.नं निघालो ते थेट विद्यापीठाच्या फाटकात.

सायलीनं एका मोठ्या हॉलमधे नेलं. पांढऱ्या केसांच्या एक मॅडम हसत पुढं आल्या. म्हटलं, ही आई. आष्ट्याच्या घरात हिचंच चालत असणार. मी कुंकू लावलं आणि भरल्या हॉलसमोर त्यांची ओटी भरली. त्यांनीही पदर पसरून घेतली आणि माईकवर म्हणाल्या, ही आपल्या मातीची आत्मीयता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी विक्रमला म्हटलं, सासू शिकलेली आहे पण साधी आहे.

मग मागचा पडदा उजळला. त्यावर आमचे हे. भाकरी थापताना, मिशीला पीठ, खाटेएवढे मोठे. खाली लिहिलेलं, 'बदलते पुरुष'. सायली उभी राहून बोलायला लागली, कामाची वाटणी, कुटुंब, परिवर्तन. मॅडम विभागप्रमुख निघाल्या. हॉलमधे सगळी शिकणारी पोरं आणि शिकवणारी माणसं. सोयरिकीचं माणूस एक नाही.

पोरगी खरंच विद्यापीठाची होती! जे सांगितलं ते पहिल्या दिवशीच सांगितलं होतं बिचारीनं.

मी गप्प बसले असते, देवाशप्पथ. पेढे घेऊन खालमानेनं परत गेले असते. पण त्यांनी ह्यांना व्यासपीठावर बोलावलं. शाल घातली. नारळ दिला. वर्षानुवर्षं घरचा स्वयंपाक सांभाळणारे सुभेदार म्हणून सगळा हॉल उभा राहिला. आणि ह्या माणसानं काय करावं? माईक धरला, छाती काढली आणि म्हणाला, "घरातलं काम म्हंजे काय, लय सोपं आसतंय. शिस्त पायजे फक्त."

माझ्या बोटांना चुलीचे चटके आहेत, अजून दिसतात, हे बघा. माझ्या भाकऱ्यांची शाल ह्यांच्या अंगावर, आणि वर हे म्हणतात सोपं!

मी चढले वर. माईक हातातनं ओढून घेतला.

"सगळं खोटं हाय," मी म्हटलं. "हा माणूस आठ दिवसांत भाकरी शिकलाय, ते बी पोराचं लगीन ठरंल म्हणून. भाकरी, शेण, धुणं, समदं म्या केलं, ह्या हातानं. ही सायली पोरीवाल्यांची हाय आसं समजून म्या हिला खोटं सांगितलं. तिची चूक न्हाई, माझी हाय. पर का सांगितलं इचारा की. खरं सांगितलं आसतं तर कुठली शिकलेली पोरगी माझ्या दारात आली आसती? तुमच्यातली एक तरी यील का गं?"

सायलीचा चेहरा पांढरा. तिच्या अभ्यासाचं मी पार वाटोळं केलं, तेवढं एक मला लागलं. पण मॅडम काय बाई आहेत! ओटीचा नारळ हातात धरून हळूच म्हणाल्या, "सायली, बघणारं कुणी घरात आलं की घर कसं बदलतं, आता हेच लिही." मग मागनं कुठल्या तरी पोरीनं टाळी वाजवली, आणि पोरींनीच हॉल डोक्यावर घेतला. हे शाल काढून माझ्याकडं द्यायला लागले. मी म्हटलं, घाला तीच, आता कमवा.

बाहेर पायरीवर येऊन बसले, शेजारी विक्रम, तर सुलोचनाचा फोन.

"वैनी, पेढे वाटा. पोरगी व्हय म्हणाली. त्यांची आत्या दूध मागायच्या निमतानं येऊन गेली की तुमच्याकडं. म्हणत हुती, सासू खाटेवरनं हालत न्हाई, पर गडी भाकऱ्या थापत्यात. पोरगी म्हणाली, सासूचं मी बगून घीन, गडी भाकरी थापत आसतील तर मला पसंत हाय."

बघितलंत? खोटं बरोबर जागी जाऊन बसलं होतं, आणि मी आत्ताच माईकवरनं ते उपटून आले होते. पेढ्याचा पुडा माझ्या मांडीवर. मी म्हटलं, वन्सं, पोरगी शिकते कुठं म्हणाला होता? आणि मलाच उत्तर आठवलं.

समोर एक पोरगी येऊन उभी राहिली. काळीसावळी, डोळे धीट. "काकू, मी ऋतुजा. आष्ट्याची. तिसऱ्या रांगेत होते."

मी म्हटलं, "ऐकलंस न्हवं समदं? झालं तर मग."

"ऐकलं," ती म्हणाली. "मी नाही म्हणत नाही. हो पण म्हणत नाही. माझी परीक्षा होईपर्यंत अधूनमधून आमचं माणूस येऊन बघून जाईल. कोण, कधी, ते सांगणार नाही. भाकरी कोण करतंय तेवढंच बघेल." मग विक्रमकडं वळून म्हणाली, "ठेचा तुम्ही केलेला का? आत्या सारखं सांगते." विक्रम लाजला, हो म्हणाला. पुड्यातला एक पेढा उचलून गेली.

राग यायला पाहिजे होता. आला नाही. घरात यायच्या आधीच पोरगी माझ्यावर गेली होती.

आता आमच्या घरी रोज सकाळी सुभेदार परातीपुढं आणि विक्रम गोठ्यात. मी खाटेवर. आणि दारात कुणीही अनोळखी आलं की आम्हा तिघांना तेच वाटतं, हे आष्ट्याचं माणूस. पापडवाली येते, तिला गरम भाकरी. रस्ता चुकलेला ड्रायव्हर, त्यालाही. कालच लाइटचं मीटर बघणारा आला. ह्यांनी त्याला दोन भाकऱ्या घातल्या, विक्रमनं ठेचा वाढला. त्या गडबडीत ह्यांचा तवा रिकामा तापत होता, म्हणून इतक्या दिवसांनी मी उठले, सवय मोडलेल्या हातानं घाईनं एक भाकरी थापून टाकली आणि त्याच्या ताटात वाढली.

तोंडात घास घेऊन तो थांबला. ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"काकू," म्हणाला, "मीटर बघायला मी परवा परत येतो. पर भाकरी काकास्नीच करू द्या."